लिहिणारा सहजी फसत नाही



गोठ्यातले शेण काढून होण्याआधीच आजकाल मोबाईलवर पाच-पंचवीस निरोप येऊन पडलेले असतात. कोणत्या बियाण्याने एकरी किती पिकले, कोणती दोन औषधे एकत्र मारली की अळी संपते, उद्या कापसाला काय भाव फुटणार, ज्वारीची भाकरी खाल्ल्याने कोणता आजार मुळापासून जातो. वाचायला दहा सेकंद लागतात आणि बोट दाबून पन्नास जणांना पाठवायला दोन. मधे विचाराला जागाच उरत नाही.

यावर शहाणी माणसे सल्ला देतात की नीट वाचायला शिका. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. नुसते वाचून माणूस तपासायला शिकत नाही. तो शिकतो ते स्वतः लिहायला बसल्यावर. आणि तेही घरच्या वहीत नव्हे, तर चारचौघांत, जिथे कोणीही अनोळखी माणूस उठून 'हे कशावरून?' असे विचारू शकतो अशा जागी. इंटरनेटने ही जागा खेड्यातल्या माणसाला जवळजवळ फुकटात आणून दिली आहे. पूर्वी छापखाना लागे, कागद लागे, संपादकाची मर्जी लागे. आता यातले काही लागत नाही. असे असून आपल्या गावांत या जागेचा उपयोग होतो तो दुसऱ्याचे लिहिलेले पुढे ढकलण्यासाठी. आमचा आक्षेप आहे तो इथे.

एका शब्दाची किंमत चारशे रुपये

उदाहरण आपल्याच मालाचे घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने कापसाचे हमीभाव जाहीर केले. मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७७१० रुपये आणि लांब धाग्याला ८११० रुपये. आता समजा, निरोप आला की 'कापसाला यंदा ८११० हमीभाव'. वाचणारा खूश होतो आणि पुढे पाठवतो. हे वाक्य खोटे आहे का? नाही. मग खरे आहे का? तेही नाही. 'लांब धागा' एवढे दोन शब्द गळाले आणि त्या गळतीची किंमत क्विंटलमागे चारशे रुपये झाली.

आता हेच वाक्य तुम्हाला स्वतः लिहायचे आहे, खाली तुमचे नाव आहे, आणि जिल्ह्यातला कोणीही ते वाचून तुम्हाला जाब विचारणार आहे असे धरा. लगेच मनात प्रश्न उभे राहतात. कोणत्या धाग्याच्या कापसाला? कोणत्या हंगामात? हा भाव देणार कोण, सीसीआय की गावात गाडी घेऊन आलेला व्यापारी? ओल किती असली तर? सीसीआयच्या खरेदीत ओल ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. म्हणजे एका ओळीचा निरोप लिहायचा तर चार गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतात. वाचताना यातला एकही प्रश्न सुचला नव्हता. लिहिताना चारही सुचले. माणूस तोच, डोके तेच. फरक पडला तो जबाबदारीने.

आपला कापूस जिनिंगवर जातो तेव्हा घेणारा काय करतो? वरचा थर बाजूला सारून खालून मूठभर काढतो, चिमटीत धरून धागा ओढतो, ओल पाहतो, कवडी किती ते पाहतो, आणि मग भाव बोलतो. त्याला आपण दोष देत नाही, कारण पैसा त्याचा आहे. मग दुसऱ्याचे वाक्य घेताना आपण त्याचा धागा का ओढत नाही? त्या वाक्याच्या भरवशावर आपण बियाणे घेतो, औषध मारतो, माल थोपवून धरतो. म्हणजे पैसा आपलाच असतो.

एक सार्वजनिक खळे

ही नुसती कल्पना नाही. चारचौघांत लिहिण्याने विचार कसा घासला जातो, याचा एक मोठा प्रयोग जगात पंचवीस वर्षे चालू आहे. त्याचे नाव विकिपीडिया. १५ जानेवारी २००१ रोजी अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश सुरू केला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्यात कोणीही लिहू शकतो आणि कोणाचेही लिहिलेले कोणीही दुरुस्त करू शकतो. पदवी कोणी विचारत नाही, जात विचारत नाही, सातबारा विचारत नाही.

ऐकताना वाटते की हा तर बिनकुंपणाचा मळा, जनावरे शिरून फस्त करतील. तसे झाले नाही, कारण कुंपण माणसांवर न घालता वाक्यांवर घातले गेले. नियम मोजके आहेत. जे लिहाल त्याला आधार दाखवा, म्हणजे ते कुठे छापले गेले आहे ते सांगा. एखाद्या गोष्टीवर दोन मते असतील तर दोन्ही मांडा, आपल्या लाडक्या मताची तळी उचलू नका. आपल्या मनातला शोध तिथे पहिल्यांदा जाहीर करू नका. आणि आधार न देता वाक्य ठोकले, तर कोणीतरी येऊन त्या वाक्याच्या शेपटीला दोन शब्द बांधून जातो: 'संदर्भ हवा'.

प्रत्येक पानाला दोन खिडक्या असतात. एकीचे नाव 'इतिहास'. कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द बदलला ते सगळे तिथे राहते. तलाठ्याच्या दप्तरातल्या फेरफाराच्या नोंदी कोणालाही कधीही उघडून पाहता आल्या तर कसे होईल, तसे समजा. दुसरीचे नाव 'चर्चा'. शब्द का बदलला यावर तिथे वाद होतो, आणि वादात आवाज कोणाचा मोठा याला काही किंमत नसते. आधार कोणाचा पक्का, एवढेच पाहिले जाते.

ज्वारी खळ्यावर उपणताना आपण काय करतो? वाऱ्यावर धरतो. भूस उडून जाते, दाणा खाली पडतो. वारा नसेल तर कितीही मेहनत करा, भूस आणि दाणा एकत्रच राहतात. लिहिलेल्या वाक्याला परक्या माणसाचा प्रश्न हा असा वारा आहे. घरातल्या घरात, आपल्याच पार्टीच्या आणि आपल्याच भावकीच्या गटात लिहिलेले वाक्य कधी उपणले जात नाही. तिथे सगळेच माना डोलावतात.

फसवणूक तिथेही झाली

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल की मग तिथले सगळे खरे मानायचे का? मुळीच नाही. तिथे काय काय गफलती झाल्या ते ऐका, त्यात जास्त शिकण्यासारखे आहे.

२००५ साली जॉन सायगेनथेलर या अमेरिकेतल्या जुन्या पत्रकाराच्या पानावर कोणीतरी लिहून ठेवले की अध्यक्ष केनेडींच्या खुनात त्यांचा हात असल्याचा संशय होता. ते धादांत खोटे होते. चार महिन्यांहून अधिक काळ ते तसेच राहिले. पान उघडे होते, पण कोणी धागा ओढला नव्हता. बोभाटा झाल्यावर इंग्रजी विकिपीडियाने नाव नोंदवल्याशिवाय नवे पान सुरू करण्यास बंदी घातली. त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाने विज्ञानावरचे ४२ लेख जाणकारांकडून तपासून घेतले. विकिपीडियात लेखामागे सरासरी चार चुका निघाल्या. आणि ज्याच्या नावाची शपथ घेत त्या ब्रिटानिका ज्ञानकोशात? लेखामागे तीन. म्हणजे उघड्यावर लिहिले म्हणून सगळे खोटे नसते, आणि जाडजूड पुठ्ठ्यात बांधले म्हणून सगळे खरेही नसते.

दुसरी गोष्ट २०२२ ची. चिनी भाषेच्या विकिपीडियावर एका बाईने दहा-बारा वर्षे रशियाच्या जुन्या इतिहासावर दोनशेहून अधिक लेख लिहिले होते. राजे, लढाया, चांदीच्या खाणी, सगळे तपशीलवार. खाली संदर्भही भरपूर. एका कादंबरीकाराला त्यातली एक खाण आवडली. तो मूळ पुस्तके धुंडाळायला गेला तेव्हा कळले की ती खाण कधी नव्हतीच. कुठे पुस्तकच अस्तित्वात नव्हते, तर कुठे पुस्तक होते पण त्यात तसे लिहिलेले नव्हते. इतकी वर्षे हजारो लोकांनी ते वाचले. पकडले कोणी? ज्याला स्वतः लिहायचे होते त्याने! वाचणारा समाधानाने उठून गेला. लिहिणाऱ्याला आधार हवा होता, म्हणून त्याने आधार उघडून पाहिला.

आमचा सगळा मुद्दा या एका गोष्टीत आहे. 'कृषी विद्यापीठाचे संशोधन' असे निरोपाखाली लिहिलेले असते. कोणते विद्यापीठ, कोणत्या साली, कोणत्या वाणावर, कोरडवाहूत की ओलिताखाली? संदर्भ दिला आहे म्हणून भागत नाही. तो उघडून पाहावा लागतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

बोंडअळीवर एक वाक्य

आता आपल्या रानात येऊ. 'बीटी कापसाला अळी लागत नाही.' हे वाक्य बियाण्याच्या पिशवीइतकेच गावोगाव फिरले. ते आपण चारचौघांत लिहून पाहू, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी 'संदर्भ हवा' म्हणते आहे असे समजू.

पहिला प्रश्न: कोणती अळी? बोंडअळ्या तीन प्रकारच्या. हिरवी म्हणजे अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी. आणि मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा काही इलाज कधीच नव्हता. तेव्हा वाक्य बदलले: 'बीटी कापसाला बोंडअळी लागत नाही.'

दुसरा प्रश्न: कोणते बीटी? भारतात २००२ साली परवानगी मिळाली ती एका जनुकाच्या बीटीला. २००६ साली दोन जनुकांचे आले. तेव्हा वाक्याला आणखी एक शब्द जोडावा लागला.

तिसरा प्रश्न: केव्हा? २०१० साली मोन्सँटो कंपनीनेच जाहीर केले की गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी एका जनुकाच्या बीटीला जुमानत नाही. पुढे दोन जनुकांच्या बीटीचीही तीच गत झाली, आणि २०१७ साली आपल्या महाराष्ट्रात गुलाबी अळीने बोंडे पोखरून काढली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

इतके झाल्यावर वाक्य कसे उरते? 'बीटी कापूस सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळ्यांना आवर घालत होता. हिरव्या अळीवर त्याचा उपयोग अधिक टिकला. गुलाबी अळी मात्र त्याला सरावली आहे, तेव्हा बीटी असले तरी कामगंध सापळे लावावेत, डोमकळ्या तोडून नष्ट कराव्यात आणि फरदड घेऊ नये.' वाक्य लांबले, गोडी गेली, घोषणा म्हणून ते चालणार नाही. पण पहिल्या वाक्यावर विसंबलेला शेतकरी बुडाला आणि या वाक्यावर विसंबलेला सावध राहिला असता. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगते की एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे सलग तीन रात्री सापडले तर फवारणीची वेळ आली समजा. यात किती, कुठे, केव्हा, किती दिवस या सगळ्यांची उत्तरे आहेत. तपासलेले वाक्य ओळखायचे ते यावरून.

याच पट्टीने आपल्या बाजूची वाक्येही मोजली पाहिजेत, हे आम्ही मुद्दाम सांगतो. 'बीटीने शेतकऱ्याचे वाटोळेच केले' हेही घोषणेचेच वाक्य आहे. कोणत्या वर्षी, कोणत्या पावसात, कोणत्या जमिनीत, कोणाचा किती खर्च वाढला, ते लिहा. जमले तर तो मुद्दा पोलादासारखा होईल. नाही जमले तर निदान आपण आपल्याला फसवणार नाही. कंपनीच्या जाहिरातीला आधार मागायचा आणि आपल्या भाषणाला मागायचा नाही, याला विचार म्हणत नाहीत.

चुकीच्या निरोपाची किंमत

हा काही रिकामटेकड्यांचा शब्दखेळ नाही. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. त्या वर्षीचा डोक्याएवढा वाढलेला कापूस, दमट हवा, तोंडाला ना फडके ना हातात मोजे, आणि दोन-तीन औषधांची एकत्र मिसळ, अशी अनेक कारणे तेव्हा पुढे आली. कोणते औषध कशात मिसळायचे हे या माणसांना कोणी सांगितले होते? डब्यावरच्या बारीक अक्षरांनी नक्कीच नाही. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सांगणाऱ्याला 'हे कशावरून?' असे विचारायची आपल्याकडे रीतच नाही.

'अमुक आणि तमुक एकत्र मारा' असा निरोप हाताशी येईल तेव्हा तो स्वतःच्या नावाने कागदावर लिहून पाहा. लिटरला किती? पीक केवढे असताना? डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे? लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. दोन औषधे एकत्र करायला डब्यावर परवानगी लिहिली आहे का? यातल्या एका जरी प्रश्नाचे उत्तर नसेल तर बोट थांबवा. पाठीवर पंप घेऊन सरीत शिरणारा माणूस आपल्याच गावचा असतो, आणि बहुतेक वेळा तो मजूर असतो, ज्याच्या हाती निरोप तपासण्याचे साधनही नसते.

'आमचा अनुभव म्हणजे पुरावा नाही का?'

इथे एक रास्त सवाल उभा राहतो. विकिपीडिया म्हणते, छापलेला आधार द्या. आमच्या आजीला माहीत असलेल्या ज्वारीच्या जाती कोणत्या पुस्तकात छापल्या आहेत? कोणत्या ज्वारीचा हुरडा गोड, कोणतीचा कडबा जनावर आवडीने खाते, कोणती कणसावर काळी पडते, हे ज्ञान छापखान्यापर्यंत पोचलेच नाही. मग ते ज्ञान नव्हे?

हा सवाल त्या लोकांतही उठला. २०११ साली अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग केला. गावातल्या जाणत्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायचे आणि ते बोलणेच आधार म्हणून द्यायचे. त्यावर वाद झाला, सगळ्यांनी ते मान्य केले नाही. नियम कडक आहे आणि तो आपल्यावर थोडा अन्याय करतो, हे आम्हाला दिसते.

पण या अन्यायावरचा उपाय लिहिणे हाच आहे. विकिपीडियात बसत नसेल तर दुसरीकडे लिहा, पण असे लिहा की परक्याला तपासता येईल. 'अनुभव आहे' एवढे म्हणणे पुरत नाही. कोणाच्या रानात, कोणत्या सालात, जमीन हलकी की भारी, पाऊस किती नक्षत्रे लागला, पेरणी कोणत्या तारखेला, एकरी किती पोती उतरली, आणि शेजारच्या रानात त्याच वर्षी काय झाले. हे सगळे सांगितले की अनुभव पुराव्याच्या पायरीवर चढतो. दरवर्षी नोंद ठेवणाऱ्या दहा शेतकऱ्यांच्या दहा वर्षांच्या नोंदी एकत्र झाल्या, तर त्यांना खोटे पाडायला समोरच्याला तितकाच अभ्यास करावा लागेल. सोलापुरातल्या मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी ३५-१ आजही रब्बीत पेरली जाते. तीही शेतकऱ्यांच्या रानातल्या ज्वारीतूनच निवडली गेली. निवडणाऱ्यांनी मोजून नोंद ठेवली म्हणून तिचे नाव राहिले. ज्यांची नोंद कोणी ठेवली नाही त्या जाती गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावेही गेली.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या वर्षी ज्वारीवर किती लिहिले गेले! शहरातल्या हॉटेलांनी लिहिले, दुकानांनी लिहिले, आहाराच्या सल्लागारांनी लिहिले. 'ज्वारीने मधुमेह बरा होतो' इथपर्यंत मजल गेली. ज्वारीत ग्लुटेन नसते हे खरे, तिच्यात तंतू भरपूर हेही खरे. पण आजार बरा होतो हे म्हणायला आधार नाही. आणि ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, पाखरे राखायला कोणी नाही, म्हणून रान ज्वारीखालून जात आहे, हे किती जणांनी लिहिले? जो पेरतो तो गप्प बसला, म्हणून जो खातो त्याने लिहिले.

'आम्हाला कुठे लिहिता येते?'

नेहमीचे उत्तर हे. आम्ही अडाणी, आम्हाला शुद्ध भाषा येत नाही. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग समाजातल्या मुलीने निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचे शिक्षण झाले होते तीन वर्षांचे. तिने काय केले? रडगाणे गायले नाही, सवाल टाकला: वेदांवर आमचा अधिकार नाही असे म्हणता, तर मग आमचा धर्म कोणता ते सांगा. मोठमोठ्या पंडितांना उत्तर देता येऊ नये असा सवाल त्या पोरीला सुचला, कारण तिला तो चारचौघांसमोर मांडायचा होता.

आणि खेड्यातून लिहिता येत नाही म्हणाल, तर मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' हे साप्ताहिक खेड्यातून सुरू केले आणि नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातल्या तरवडी या गावातून ते १९६७ पर्यंत चालवले. वीज नाही, पक्का रस्ता नाही, तिथे खिळे जुळवून अक्षरे छापली. आज आपल्या खिशात त्याहून मोठा छापखाना आहे.

शुद्धलेखनाची भीती धरू नका. ऱ्हस्व-दीर्घ दुसरा कोणीही दुरुस्त करील. पण तुमच्या रानात काय घडले ते दुसरा कोणी लिहू शकत नाही. अक्षर येत नसेल त्या मायबहिणीने सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या नातवाने लिहावे. दोघांचाही अभ्यास होईल.

आता आणखी एक घाई आहे. विचारल्याबरोबर मराठीत उत्तर देणारी यंत्रे मोबाईलवर आली आहेत. ती यंत्रे शिकतात ती इंटरनेटवर जे लिहिलेले आहे त्यावरून, विकिपीडियावरूनही. मराठीत कोरडवाहू शेतीबद्दल लिहिलेले थोडे, आणि त्यातही विकणाऱ्यांनी लिहिलेले जास्त. यंत्राचे उत्तर गुळगुळीत असते, त्यात आत्मविश्वास भरपूर असतो, पण 'संदर्भ हवा' हे तिथेही आपल्यालाच म्हणावे लागणार. ही सवय यंत्र लावून देणार नाही.

बैठकीपुढे सूचना

तेव्हा नुसता उपदेश न करता चार कामे सुचवतो. प्रत्येक गावाने पुढच्या बैठकीला एक पान लिहून आणावे, विषय आपल्या रानातला, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहिलेले असावे. बैठकीत ते पान मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्या गावच्या लोकांनी त्यावर प्रश्न विचारावेत. आपल्या गावच्या लोकांनी त्या वेळी गप्प बसावे. प्रश्नांतून तावून निघालेले पान मगच इंटरनेटवर घालावे, आणि जे छापील आधारासह सिद्ध होते ते मराठी विकिपीडियावर न्यावे. चौथे काम सर्वांत सोपे आहे आणि ते उद्या सकाळपासून करता येईल. ज्या निरोपाखाली आपण स्वतःचे नाव लिहायला तयार नाही, तो पुढे पाठवायचा नाही.

शेतकऱ्याच्या मालाचा भाव दुसरा ठरवतो, हे आपले जुने दुखणे आहे. पण शेतकऱ्याने काय मानावे, कशावर विश्वास ठेवावा, हेही दुसराच ठरवू लागला तर मग लढायला उरते काय? हिशोब मागायचा असेल तर आधी हिशोब लिहिता आला पाहिजे. पाटी समोर आहे, लेखणी खिशात आहे. लिहायला बसा.